आपोआप

दिवाळी अंकासाठी लिहायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्राजक्ताचा सडा, आजोळचे अंगण, नाही तर निदान एखादा समुद्रकिनारा तरी यायला हवा. माझ्या डोळ्यांपुढे यंदा एक लोखंडी फाटक येऊन उभे राहिले आहे, आणि ते काही केल्या बाजूला होत नाही. त्याला मी काय करू?

पुण्याच्या सातारा रस्त्यावर आमचे एक व्यापारी संकुल आहे. खाली टायरचे आणि औषधांचे दुकान, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, त्याच्यावर गणिताची शिकवणी, आणि मागच्या अंगाला माझा छापखाना. छापखाना म्हणायचे इतकेच. आता तिथे लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके तेवढी छापली जातात. ह्या संकुलातल्या गाळेधारकांची एक सहकारी संस्था आहे आणि तिचा मी चिटणीस आहे. एका वर्षी वार्षिक सभेला मी वीस मिनिटे उशिरा पोहोचलो, तेवढ्यात माझी एकमताने निवड होऊन गेली होती. फाटकाचा आणि माझा संबंध तो तिथपासूनचा.

2013 सालापर्यंत हे फाटक माणसे उघडीत असत. दिवसपाळीला दोन पहारेकरी होते. त्यांतला एक चहाला गेला की दुसऱ्याला धावत यावे लागे, आणि पावसात डॉक्टरांची मोटार रस्त्यावर कर्णा वाजवीत उभी राही. म्हणून सर्वानुमते ठरले की फाटकाला यंत्र बसवावे. प्रत्येक झडपेच्या आतल्या अंगाला दंडाएवढा जाड एक पोलादी हात आला. त्या हाताच्या पोटात मोटर, मोटरीला जोडलेला लांब आट्यांचा दांडा आणि त्या दांड्यावरून पुढे-मागे सरकणारी चाकी. चाकी सरकली की झडप ओढली जाते, नाही तर ढकलली जाते. एकंदर रचना विहिरीवरच्या रहाटाइतकी सरळ. अध्यक्षांनी नारळ फोडला, रिमोटचे बटण दाबले आणि दहा दहा फुटांच्या दोन झडपा कुणाचा हात न लागता उघडल्या. टाळ्या झाल्या. “बघा, आपोआप!” असे कुणीतरी म्हणाले, मला वाटते, मीच म्हणालो. त्या महिन्याच्या अखेरीस दोघा पहारेकऱ्यांतल्या एकाला दिवाळीचा पगार देऊन आम्ही निरोप दिला. दुसरे राहिले. ते पाटणकडचे. त्यांना सगळे संकुल मामा म्हणते.

यंदाच्या भाद्रपदात डावी झडप अर्ध्यावर थांबू लागली. आधी नुसती कण्हायची, मग जळका वास यायचा, आणि एके दिवशी ती जी थांबली ती थांबलीच. आमचा जुना मेकॅनिक धंदा सोडून गावी गेलेला. तेव्हा औषधांच्या दुकानदाराने एका नव्या मुलाला बोलावून आणले. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. पाठीला पिशवी आणि बोलणे जेवढ्यास तेवढे. मी त्याला म्हटले, “मोटर गेली आहे. नवी बसवून टाक.”

त्याने मोटरीकडे पाहिलेसुद्धा नाही. किल्ली घालून त्याने हात झडपेपासून सोडवला आणि झडप हाताने ढकलून पाहिली. ती हलेना. खांद्याने रेटली, तेव्हा कुरकुरत दोन फूट सरकली आणि तिचे टोक फरशीला घासले.

“काका, मोटर नंतर. आधी दार,” तो म्हणाला.

मग त्याने मला जे समजावले ते ऐकून माझे बारा वर्षांचे अज्ञान मला कळले. चांगले टांगलेले फाटक एका हाताने, शाळकरी मुलानेही, लोटता आले पाहिजे. तसे ते लोटता येत नसेल तर त्याला यंत्र लावणे म्हणजे लंगड्या बैलाला जास्त ओझ्याच्या गाडीला जुंपणे. आमच्या बिजागऱ्या झिजल्या होत्या. शिवाय फाटक मुळात गजांचे. मधल्या काळात आम्हीच त्याला आतून पत्रा ठोकला होता, संस्थेचे नाव ठळक दिसावे म्हणून. गजांतून वारा निघून जातो, पत्र्यावर तो शिडासारखा बसतो. आणि वादळवाऱ्यात ते शीड ओढीत राहायचे काम त्या दोन पोलादी हातांवर आले. झडप जड चालते म्हणून कुणीतरी बोर्डावरची जोराची चकती शेवटपर्यंत फिरवून ठेवली होती.

“मोटर मेली नाही काका,” मुलगा म्हणाला, “मारली.”

मी हसलो. हसायचे ते शेवटचे. पुढच्या दहा मिनिटांत त्याने खांबावरची पेटी उघडली. आत पालीची दोन अंडी, मुंग्यांचे वारूळ होण्याच्या बेतात असलेली माती, आणि बोर्डाच्या दोन खुंट्यांमध्ये अडकवलेली दोन इंच लांबीची एक तांबडी वायर. ती त्याने बोटाने दाखवली.

“काका, हा डोळा कुणी झाकला?”

वाचकांपैकी पुष्कळांनी असली फाटके पाहिली असतील, पण त्यांच्या दोन्ही खांबांवर गुडघ्याच्या उंचीला बसवलेल्या काळ्या डब्या क्वचितच कुणाच्या लक्षात येतात. एका डबीतून डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो आणि समोरच्या डबीवर पडतो. फाटक मिटत असताना मध्ये माणूस, कुत्रे, सायकल, काहीही आले की किरण तुटतो, बोर्डाला निरोप जातो, आणि झडपा थांबून उलट्या फिरतात. त्या दोन इंची वायरीने निरोपाची वाटच जोडून टाकली होती. समोर कुणीही असो, बोर्डाला उत्तर एकच मिळे: वाट मोकळी आहे. डोळा गेलेला, आणि ती जोराची चकती शेवटपर्यंत फिरवल्यामुळे, कशाला टेकले तर थांबण्याची जी उरलीसुरली जाणीव यंत्राला असते तीही बधिर झालेली. अशा स्थितीत ते फाटक दिवसातून शे-दीडशे वेळा उघडत होते आणि मिटत होते. वरच्या शिकवणीची मुले त्यातूनच जात-येत होती.

“कुणी झाकला?” ह्या प्रश्नाला मी त्या मुलाला उत्तर दिले, “आधीचा मेकॅनिक असेल.” आणि ते उत्तर देत असतानाच मला 2022 चा पावसाळा आठवू लागला.

त्या पावसाळ्यात फाटकाने उच्छाद मांडला होता. अर्धे मिटायचे आणि परत उघडायचे. कधी डबीच्या काचेवर चिखल उडालेला असे, कधी आत कोळ्याने जाळे विणलेले असे, कधी नुसतीच वाफ धरलेली असे; यंत्राला काय, किरण पोहोचला नाही एवढेच कळे, आणि ते शहाण्यासारखे थांबे. पण त्याचे शहाणपण आम्हांला नको होते. डॉक्टर चिडले. टायरवाल्यांचा टेम्पो रस्त्यावर अडकला. दिवसातून चार-चार दूरध्वनी मला. शेवटी मी त्या मेकॅनिकला फोन करून म्हणालो, “हे बघ, काहीही कर, पण दार अडकता कामा नये.” तो संध्याकाळी आला, अर्ध्या तासात गेला. चारशे रुपयांचे बिल; त्यावर ‘सेन्सर दुरुस्ती’ असे लिहिलेले. मी सही केली. मासिक सभेच्या इतिवृत्तात माझ्याच अक्षरात नोंद आहे: ‘फाटकासंबंधीच्या तक्रारीचे निवारण झाले.’

निवारण झाले. पुन्हा पुन्हा मी ते वाक्य वाचतो. छापखान्यात आयुष्य गेल्यामुळे मला वाक्यांकडे पाहण्याची वाईट सवय आहे, आणि मला वाटते की आपल्या मराठीने अशा प्रसंगांसाठी फार मऊ गाद्या घालून ठेवल्या आहेत. दार लागले. काम झाले. वायर जोडली गेली. काच फुटली. लहानपणी हातून बशी पडली की आपण “मी फोडली” असे कधी म्हणत नाही, “फुटली” म्हणतो. आणि बशीला जणू तशी इच्छा झाली असावी असा चेहरा करतो. मोठे झाल्यावर बशा बदलतात, क्रियापद तेच राहते. ‘आपोआप’ हा शब्द ह्या गाद्यांवरचा लोड. एकदा तो पाठीशी घेतला की कर्त्याची आठवण होण्याचे कारण उरत नाही.

हा शब्द काही यंत्रयुगाने दिलेला नाही. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळाच्या स्वयंचलित दारांची रचना लिहून ठेवली आहे. वेदीवर अग्नी पेटवला की खालच्या भांड्यातली हवा तापून पसरते, ती पाण्याला रेटून एका टांगत्या बादलीत घालते, बादली जड होऊन खाली जाते आणि जाताना दाराच्या खुंटांना गुंडाळलेले दोर ओढते. वर भाविकांना दिसते ते एवढेच की होम झाला आणि देवाने दार उघडले. बादली तळघरात. मला ह्या हेरॉनचे कौतुक वाटते. पण त्याहून जास्त कौतुक वाटते ते होमरचे. इलियडच्या पाचव्या सर्गात स्वर्गाची दारे आपण होऊन उघडतात असे वर्णन आहे, आणि त्याच दमात त्याने सांगून टाकले आहे की त्या दारांवर होरा नावाच्या देवतांची राखण असे. दारे स्वयंचलित, तरी राखणदार आहेतच! स्वर्गातसुद्धा कुणाला असे वाटले नाही की आता पगार वाचवावा.

मामांशी बोलणे भाग होते. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आतापर्यंत लांबवीत आलो आहे. 2024 च्या डिसेंबरात मामा एक दिवस उजव्या हाताला भले मोठे बांधलेले फडके घेऊन समोर आले. विचारले तर म्हणाले, “काय नाय सायेब, गेटात बोट सापडलं.” (पुन्हा आपले क्रियापद! हरवलेली वस्तूही सापडते आणि दारात बोटही सापडते.) करंगळीशेजारचे बोट चेंगरले होते. मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते, कारण बोलताना मला मी फार दयाळू वाटत होतो. “मामा, लक्ष कुठे असतं तुमचं? जपत जा.” आणि मलमपट्टीसाठी पाचशे रुपये दिले. ते मी किरकोळ खर्चात टाकले. बोट बरे झाले, पण वाकत नाही. मामा आता तंबाखू डाव्या अंगठ्याने मळतात.

मुलाने ती वायर दाखवली त्या दुपारी मी मामांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो आणि विचारले, “मामा, त्या डब्या बंद आहेत हे तुम्हांला ठाऊक होतं?”

“व्हय की,” मामा म्हणाले. “त्यात बारका तांबडा दिवा लुकलुकायचा. त्यो लुकलुकायचा बंद झाला तवाच म्या वळखलं. डोळा मेलाय म्हनलं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग खाली पाहत म्हणाले, “सांगितलं व्हतं सायेब. तुमी म्हनला, आता दार अडकत न्हाई ना? मग ऱ्हाऊ द्या.”

मला हे आठवत नाही. मी खूप आठवून पाहिले. ते खोटे बोलत नाहीत, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणजे मी तसे म्हणालो असणार. अपराध करणाऱ्याला अपराध आठवतो असे आपण गृहीत धरतो, पण ज्याला काही सोसावे लागले नाही त्याला आठवण ठेवायचे कारणच काय? स्मरणशक्ती बहुधा बोटांत असते.

त्या दिवशी काय झाले होते तेही मग कळले. दुपारी साडेबाराला शिकवणी सुटते. तीन वर्षे, रोज, शिकवणी सुटायच्या वेळी मामा फाटकाच्या मधोमध येऊन उभे राहत असत. मला ते केबिनच्या खिडकीतून पाहिल्याचे आठवते. वाटायचे, पाय मोकळे करीत असतील. त्या दिवशी एक मोटार आत आली, तिच्यामागे झडपा मिटू लागल्या, आणि एक मुलगा सायकल घेऊन धावत मध्ये शिरला. मामांनी मुलाला एका हाताने बाहेर ओढले आणि दुसरा हात दोन झडपांच्या मध्ये घातला. झडप थांबेल असा त्यांचा हिशेब नव्हता. “थांबनार न्हाई म्हाईत व्हतं,” ते म्हणाले, “पर वाईच दम तर धरंल.”

म्हणजे बारा वर्षे आपोआप चालणारे आमचे फाटक शेवटची तीन वर्षे एका माणसाच्या डोळ्यांवर चालले होते. आम्ही तो डोळा चारशे रुपयांत काढून टाकला आणि त्या जागी ज्याने आपला डोळा बसवला त्याला लक्ष ठेवत जा म्हणून उपदेश केला.

भागवताच्या तिसऱ्या स्कंधात जय-विजयांची गोष्ट आहे. वैकुंठाच्या दाराशी ह्या दोघांनी सनकादिक ऋषींना अडवले आणि शाप घेतला, एवढे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पुढचा भाग कीर्तनकार घाईने उरकतात. गलबला ऐकून विष्णू स्वतः चालत दाराशी येतो आणि ऋषींना म्हणतो की माझ्या सेवकांनी तुमचा अवमान केला तो मीच केला असे मी समजतो. “द्वारपाल नवे आहेत”, “मी त्यांना असे सांगितले नव्हते”, “चौकशी करतो” ह्यांपैकी त्याने काही म्हटले नाही. ज्याच्या सत्तेने दार उघडते आणि मिटते, दाराशी जे झाले ते त्याचे. मी ही गोष्ट पन्नास वेळा ऐकली असेन. तिच्यात द्वारपालांना शाप मिळाला ह्याचेच मला वाईट वाटत आले. मालक चालत दाराशी आला, ह्याकडे माझे लक्ष गेले ते यंदा.

कुणी म्हणेल, इतके मनाला लावून घेण्यासारखे झाले तरी काय? एक बोट, तेही जागच्या जागी आहे. खरे आहे. माझेही मन रात्री हेच म्हणे. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल ह्या दोन तत्त्वज्ञांनी ह्या प्रश्नावर एकापाठोपाठ एक निबंध लिहिले; त्याला त्यांनी नाव दिले नैतिक नशीब. नेगेलने एक गाडीवान कल्पिला आहे. त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात मूल आडवे आले आणि ब्रेक लागला नाही, तर तो जन्मभर स्वतःला क्षमा करू शकणार नाही. मूल आडवे आलेच नाही तर तो घरी जाऊन जेवेल. हयगय दोन्हींकडे तितकीच. तिचे वजन ठरवले ते रस्त्यात आलेल्या किंवा न आलेल्या मुलाने. हे न्यायाचे आहे का? मला उत्तर देता येत नाही. पण एवढे सांगतो की तो गाडीवान जेवायला बसला आहे असे चित्र डोळ्यांपुढे आणले की माझ्या हातातला घास थांबतो.

कारण नशीब दुसऱ्या बाजूलाही फिरू शकते. 2010 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये, एका आठवड्याच्या आत, पाच आणि सहा वर्षांच्या दोन मुली दोन वेगवेगळ्या गावांत विजेच्या फाटकांत सापडून दगावल्या. त्यांतल्या एका खटल्यात 2014 साली न्यायालयाने फाटकाला मोटर बसवणाऱ्या कंपनीला दंड केला, आणि त्याची देखभाल करणाऱ्या कंपनीलाही. त्या देखभाल करणाऱ्यांनीही आपल्या वहीत काहीतरी लिहिलेच असेल. युरोपातल्या मानकात आता आकडे दिलेले आहेत: पन्नास सेंटिमीटरपेक्षा कमी फटीत मिटत्या झडपेचा आघात चारशे न्यूटनांपेक्षा, म्हणजे साधारण चाळीस किलोंच्या भारापेक्षा, अधिक नसावा आणि पाऊण सेकंदात तो ओसरलाच पाहिजे. आमच्या फाटकाचा जोर किती होता हे कुणी मोजले नाही. मुलाने फक्त एक रिकामे खोके झडपांच्या मध्ये ठेवून उजवी झडप चालवून दाखवली. खोक्याचे काय झाले ते मी लिहीत नाही.

कार्यकारिणीची सभा बोलावली. प्रश्न दोन होते, म्हणजे इतरांच्या मते एकच होता: नुसता डावा हात बदलायचा की सगळे नवे करायचे? सगळे म्हणजे दोन्ही हात, नवा बोर्ड, बिजागऱ्यांत बेअरिंग, किरणाच्या दोन जोड्या, झडपांच्या कडेला दाब ओळखणारी रबरी पट्टी, आणि पत्रा उतरवणे. खर्च जवळजवळ तिप्पट. टायरवाले म्हणाले, “इतकी वर्षं काही झालं का?” तेव्हा मी वायरीची गोष्ट सांगितली, आणि बोटाची.

खोली जरा वेळ गप्प झाली. मग सगळे एकदम माझ्या बाजूने बोलू लागले. “तुम्ही थोडंच सांगितलं होतं वायर जोड म्हणून?” डॉक्टर म्हणाले. “तो मेकॅनिकच तसला.” “मामांनीही लेखी द्यायला हवं होतं.” (मामांना सहीपुरते लिहिता येते.) माणसे किती चांगली असतात! पाच मिनिटांत त्यांनी माझ्यासाठी एक पळवाट खणून, सारवून, तिच्यापुढे रांगोळीसुद्धा घातली. आणि मला ती हवी होती, हे कबूल केले पाहिजे. ‘वायर जोड’ हे शब्द मी खरोखरच उच्चारले नव्हते. मी ‘काहीही कर’ म्हणालो होतो. पण ‘काहीही’ म्हणणाऱ्याने त्यातून काय काय वजा केले होते? काहीच नाही. माझ्या त्या एका शब्दात ती वायर होती, मामांचे बोट होते. मी फक्त वाकून आत पाहिले नव्हते.

इतिवृत्त लिहिताना सहचिटणिसांनी शब्द घातले, ‘2022 साली फाटकाचा सेन्सर बंद करण्यात आला होता.’ मी ते खोडले. मराठीवर मघाशी मी उगाच रागावलो, असे मला त्या क्षणी वाटले, कारण माझ्यासाठी नेमके क्रियापद तिच्यात आहे. करणे, करविणे. शाळेत त्याला प्रयोजक क्रियापद म्हणत. कर्ता आणि करविता अशी जोडी आपण देवाच्या बाबतीत फार सहज वापरतो. चिटणिसाच्या बाबतीत ती वापरलेली मी पाहिली नव्हती. मी लिहिले, ‘चिटणिसांनी सेन्सर बंद करविला.’ अध्यक्ष म्हणाले, “अहो, हे ऑडिटला जातं.” मी म्हटले, जाऊ द्या. ठराव मंजूर झाला, सगळे नवे करायचा. आणि त्याखाली दुसरा, मामांच्या बोटाच्या उपचाराचा जो खर्च होईल तो संस्थेने करायचा आणि साडेबाराची त्यांची उभी राहण्याची ड्यूटी ही ड्यूटी म्हणून धरायची. दुसऱ्या ठरावावर एक मत विरुद्ध पडले. कुणाचे ते सांगत नाही; दिवाळी आहे.

मुलाने काम चार दिवसांत केले. पहिले दोन दिवस त्याने मोटरीची खोकी उघडलीसुद्धा नाहीत. पत्रा उतरवला, वेल्डर आणून बिजागऱ्या बदलल्या, झडपा पाणसळीने सरळ केल्या आणि मग माझ्या हातात झडपेचे टोक देऊन म्हणाला, “लोटा काका.” मी दोन बोटांनी लोटली. ती गेली. इतकी वर्षे त्या फाटकाचा चिटणीस असून मी त्याला पहिल्यांदाच हात लावीत होतो.

नव्या बोर्डाची एक खोड त्याने मला मुद्दाम दाखवली. प्रत्येक वेळी झडप हलवण्याआधी तो बोर्ड क्षणभर किरण स्वतःच बंद करतो आणि समोरच्या डबीने “वाट अडली” असे सांगितले की नाही ते पाहतो. डबीने तरीही “वाट मोकळी” असे म्हटले तर त्याला कळते की कुणीतरी वायर जोडली आहे, आणि मग तो फाटक हलवतच नाही. अमेरिकेतल्या ‘यूएल 325’ ह्या मानकात 2016 पासून ही देखरेख सक्तीची आहे. दूर कुठल्या तरी खोलीत बसून नियम करणाऱ्या त्या लोकांना, पुण्यात सातारा रस्त्यावर माझ्यासारखा एक चिटणीस असणार आणि तो “काहीही कर” म्हणणार, हे आधीच ठाऊक होते तर! प्रथम मला जरा अपमान वाटला. जे पाप आता मला करताच येणार नाही ते न करण्यात माझा चांगुलपणा कसला? यंत्राने माझी परीक्षाच रद्द केली. मग वाटले, शिकवणीच्या मुलांना माझ्या चांगुलपणाचे काय करायचे आहे?

मामांची मी माफी मागितली. ते प्रकरण काही नीट झाले नाही. ते उठून उभे राहिले, म्हणून मीही उभा राहिलो. केबिन एवढीशी, दोघांना उभे राहायला जागा नाही. “आसं नका म्हनू सायेब, मला कसनुसं हुतंय,” असे म्हणून ते बाहेर निघून गेले आणि कुणीही येत नसताना फाटकापाशी जाऊन उभे राहिले. ससूनमध्ये बोट दाखवले; डॉक्टर म्हणाले, आता फार फरक पडणार नाही. व्यायाम सांगितला आहे. मामा तो करीत नाहीत.

दसऱ्याला सगळ्या यंत्रांबरोबर फाटकाचीही पूजा झाली. शिकवणीच्या मुलांनी झेंडू आणि आंब्याच्या पानांची लांबलचक माळ आणून दोन्ही खांबांना गुंडाळली. संध्याकाळी सातच्या सुमारास गलबला ऐकू आला म्हणून मी खाली गेलो. फाटक सताड उघडे, मिटायला तयार नाही. अर्धा फूट येते आणि परत जाते. डॉक्टरांची मोटार दारातच उभी. बाहेर रिक्षांची रांग. सगळ्यांचे कर्णे एकदम. डॉक्टरांनी काच खाली करून मला हाक मारली, “अहो चिटणीस, नवीन आहे ना हे? काहीतरी करा की!” माझा हात खिशातल्या फोनकडे गेला होता. तोंडही उघडले होते.

मामांनी केबिनमधून स्टूल आणले, खांबापाशी ठेवले, त्याच्यावर बसून वाकून पाहिले, आणि त्या न वाकणाऱ्या बोटात झेंडूची माळ अडकवून ती डबीवरून चार बोटे वर सरकवली.